पिवळी कड

टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मला बरीच वर्षं 'खेकडेवाल्या बाई' म्हणत. तोंडावर नव्हे, माघारी. पण जिन्यात आवाज घुमतो. त्याचं असं झालं, की प्रयोगशाळेच्या सुरुवातीच्या काळात आम्हाला हवा तसा कच्चा माल तयार मिळेना. मग चोर्ला घाटातून मासळी घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याकडून मी खेकड्यांची टरफलं पोतं भरून मागवू लागले. प्रयोगशाळेच्या गच्चीवर माकडांचा उच्छाद, म्हणून ती टरफलं आमच्या गच्चीवर वाळायची. खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी एकदा मला थांबवून अगदी अदबीनं विचारलं, "ताई, तुमच्याकडे रोज पाहुणे असतात का हो?" मी म्हटलं, "नाही हो, हे ऑफिसचं काम आहे." त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं बरंच कमी केलं.

हे ऑफिसचं काम म्हणजे नेमकं काय, ते समजावून सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. आता निवृत्त झाले आहे, घाई नाही, म्हणून एकदा नीट सांगते.

चिंच आंबट का लागते? दही दोन दिवस बाहेर राहिलं की का आंबतं? त्यात मोकळे प्रोटॉन वाढलेले असतात म्हणून. हायड्रोजनचा अणू घ्यायचा, त्याचा इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा, मागे जो उरतो तो प्रोटॉन. आंबटपणा म्हणजे या प्रोटॉनांची गर्दी. गर्दी पार ओसरली की आपण उलट टोकाला जातो, तिथे साबण, सोडा आणि चुना बसलेले असतात. आपल्या घरातली वीज म्हणजे तारेतून धावणारे इलेक्ट्रॉन. शरीरात तारा नाहीत. तिथला बराचसा कारभार हे प्रोटॉन आणि त्यांची भावंडं बघतात. तुम्ही सकाळी खाल्लेल्या भाकरीतून पेशी जी ताकद काढते, तीसुद्धा प्रोटॉन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलूनच.

म्हणजे यंत्राची भाषा इलेक्ट्रॉनची आणि शरीराची भाषा प्रोटॉनची. मधे दुभाषा हवा. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे सांगताना मला फळा लागायचा, बेळगावच्या माणसाला सांगताना लागायचा नाही. कचेरीत एका खिडकीवर कन्नडमध्ये ऐकायचं आणि मागे वळून घरच्यांना मराठीत सांगायचं, हे इथे शाळकरी पोरांनाही जमतं. आमचा दुभाषा होता पॅलॅडियम नावाचा धातू. तो हायड्रोजन पोटात साठवून ठेवतो. त्याला वीज दिली की हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन धातूतच ठेवतो आणि नुसता प्रोटॉन होऊन बाहेर पडतो. वीज उलटी केली की परत आत येतो. बटण विजेचं, पण पलीकडे वाहतो तो आंबटपणा.

आणि बाहेर पडलेल्या प्रोटॉनला चालायला वाट लागते. ती वाट माझ्याकडे. खेकड्याच्या टरफलातून कायटोसान नावाचा पदार्थ निघतो, त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा काढायचा. त्यात थोडा ओलावा धरलेला असला की प्रोटॉन त्यातून सरकतात. पावसाळ्यात बेळगावची हवा अशी, की पडदे वाळायचे नाव घेत नाहीत. उन्हाळ्यात वाळता वाळता तडकतात. पडदा जमला की नाही हे बघायची माझी पद्धत साधी होती. तारा जोडायच्या आणि पडद्यावर तोंडानं 'हाऽह' करायचं, आरसा पुसताना करतो तसं. श्वासाच्या ओलाव्यानं प्रवाह चढला आणि हळूहळू उतरला, तर पडदा चांगला. आमचे प्रमुख नाईक सर मोठे शिस्तीचे. त्यांनी यासाठी ओलावा मोजूनमापून देणारी काचेची पेटी मागवली. पेटी आली, चांगली होती, मीही वापरली. पण पेटीत घालण्याआधी सर स्वतःसुद्धा गुपचूप 'हाऽह' करून बघायचे.

एकदा कुठल्याशा वर्तमानपत्रात आमच्याबद्दल 'आंबट विजेचा चमत्कार' अशी बातमी आली. दुसऱ्याच दिवशी हिंडलग्याहून एक निवृत्त हवालदार हजर. त्यांना पित्ताचा त्रास. पोटातलं आम्ल म्हणजे प्रोटॉनच, हे त्यांनी नातवाकडून समजावून घेतलं होतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. म्हणाले, "मॅडम, तुमचं मशीन प्रोटॉन ओढूनबी घेतंय म्हंत्यात. मग माझं घ्या की ओढून. लई हाईत." सरांनी त्यांना चहा पाजला आणि अर्धा तास समजूत घातली. जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब चांगला माणूस हाय, पर द्यायचं मन न्हाय."

माझी आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तंबाखू चाळायची, पोती भरायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या केसांतून धूळ झडायची आणि आम्ही भावंडं शिंकायचो. आमची बौद्ध वस्ती वखारीपासून लांब नव्हती, पण वखारीत आईच्या पाण्याची घागर वेगळी असे. तिच्या शेजारी बसायची हौसाक्का. ती शेतकरी घरातली. जमीन भावकीत गेली आणि ती वखारीत आली. दोघींनाही दुपारची तंबाखू लागायची. घागर वेगळी होती, चुन्याची डबी मात्र दोघींत एकच होती. एका मुकादमानं हौसाक्काला त्यावरून टोकलं, तेव्हा ती म्हणाली होती, "चुन्याला कसला इटाळ? सगळं भाजूनच झालंय त्ये." ही गोष्ट आईनं मला इतक्यांदा सांगितली, की मी तिथे होते असंच वाटतं.

मी शिकले, बेळगावला नोकरीला लागले, याचा आईला अभिमान होता. फक्त मी काय करते ते तिला समजत नव्हतं आणि ते तिला खुपायचं. एकदा मी तिला प्रयोगशाळेत घेऊन आले. पांढरा कोट घातलेल्या लेकीला ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग मी पडदा जोडला आणि तिला 'हाऽह' करायला लावलं. मीटरवरचा आकडा वर चढला. ती दचकली, हसली, परत फुंकली.

"माझ्या वाफेनं हाललं व्हय?"

"हो. आता त्यातनं प्रोटॉन सरकले."

"कुठायत?"

"ते दिसत नाहीत गं आई. आकडा दिसतो."

"आकडा तर घड्याळातबी दिसतो," आई म्हणाली. "ते दिसलं आस्तं तर बरं झालं आस्तं." पुढे ती वारली, तोवर मला तिला दाखवता येईल असं काही सापडलं नाही. आकडे दाखवून मी जगभरच्या माणसांची खात्री पटवली. एका वखारवालीची पटली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता हौसाक्काच्या पायाकडे येते.

जुनाट जखमा, विशेषतः साखरेच्या रोग्यांच्या, लवकर भरत नाहीत याची कारणं बरीच आहेत. त्यातलं एक असं, की अशी जखम आंबटाच्या बाजूला न राहता चुन्याच्या बाजूला झुकते आणि जंतूंना ते मानवतं. तिला थोडी आंबटाकडे आणली, आणि तिथेच धरून ठेवली, तर कातडी भरायला मदत होते. आमचं यंत्र यासाठीच होतं. पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी जखमेवर, तिला तारेनं जोडलेली काडेपेटीएवढी डबी घोट्याच्या वर पट्ट्यानं बांधलेली. पट्टी जखमेचा आंबटपणा मोजायची, कमी असेल तर प्रोटॉन सोडायची, पुरे झालं की थांबायची. रीतसर परवानग्या झाल्या, बेळगावच्या एका दवाखान्यात मोजक्या रोग्यांवर चाचणी सुरू झाली. रोगी निवडायचं काम डॉ. हिरेमठ या शल्यचिकित्सक बाईंचं. त्या मूळच्या धारवाडकडच्या; मराठी छान बोलायच्या, फक्त चिडल्या की कन्नडमध्ये जायच्या.

पट्टी लावायला मी खोलीत गेले, तर खाटेवर हौसाक्का. केस पांढरेशुभ्र, पण बसणं तेच वखारीतलं, एक गुडघा उभा. तिनंच मला ओळखलं.

"सुमे, तू व्हय! तुझी आई सांगायची, लेक सायबीण झाली म्हून. मला वाटलं, फाइलीत काय तर लिवत आसंल. तू पायबी बघतीस?"

डाव्या पायाची करंगळी आधीच्या शस्त्रक्रियेत काढलेली होती. त्या कडेलाच जखम, न भरणारी. डॉ. हिरेमठांनी मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, की जखम अशीच राहिली तर हाडापर्यंत जाईल, आणि मग पाऊल ठेवता येणार नाही, कदाचित गुडघ्याखालचा पायच काढावा लागेल. हे हौसाक्कालाही सांगितलेलं होतं. तिच्या नवऱ्याचा पाय असाच काढला होता. काढलेला पाय घरच्यांनी ओढ्याकाठी पुरला आणि माणूस पुढे दोन वर्षांनी जाळला. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही.

"मालक दोन खेपांत गेलं," ती मला म्हणाली. "म्या तशी जायाची न्हाय. मराया म्या भ्येत न्हाय सुमे, पर जाताना सगळी जाणार. आली तशी."

"आणि करंगळी?" रेखा, तिची सून, मागून म्हणाली. तिला सासूची चेष्टा करायची मुभा होती.

"ती व्हय? ती पुढं जाऊन जागा धरून बसलीया. एष्टीत रुमाल टाकत्यात तशी."

मी पट्टी लावली. एरवी मी पट्टी लावताना रोग्याचं नाव लक्षात ठेवत नसे, पडद्याचा क्रमांक लक्षात ठेवत असे. त्या दिवशी क्रमांक लक्षात राहिला नाही. एवढी वर्षं मी पडदे केले ते कुणासाठी, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आता त्याला चेहरा आला होता, आणि तो चेहरा माझ्या आईच्या शेजारी बसणारा होता.

दर आठवड्याला रेखा तिला निपाणीहून बसनं घेऊन यायची. डबीत साठलेली नोंद मी संगणकावर उतरवून घ्यायची. बाकीच्या रोग्यांच्या रेघा शहाण्यासारख्या सरळ चालल्या होत्या. हौसाक्काची रेघ दिवसभर ठीक असायची, आणि संध्याकाळ झाली की धाडकन चुन्याच्या बाजूला घसरायची. यंत्र आपलं जीव तोडून प्रोटॉन सोडायचं, रात्रभर सोडायचं, सकाळी कुठे रेघ जाग्यावर यायची. संध्याकाळी पुन्हा तेच. जखम भरत नव्हती. कडेनं उलट लाल दिसत होती आणि ड्रेसिंगच्या कापडावर तांबूस डाग यायचे. नर्सनं ते रक्त म्हणून सांगितलं. तसं सांगण्यात तिचं काही चुकलं नव्हतं. जखमेच्या कापडावर तांबडं दिसलं की कुणीही रक्तच म्हणेल.

नाईक सरांना वाटलं पडद्याला बारीक भोक असावं. मला वाटलं पॅलॅडियम दमलं असावं. मी पडदा बदलला, पट्टी बदलली, डबी बदलली. खेकड्याच्या टरफलांचा गाडीवाला बदलला म्हणून पदार्थात फरक पडला की काय, इथपर्यंत माझी धाव गेली. त्या बिचाऱ्याला मी फोनवर उगाच फैलावर घेतलं. संध्याकाळीच का, याचं उत्तर कुणालाच सापडेना. कुणी म्हणालं दिवसभर उभं राहून सूज येते म्हणून, कुणी म्हणालं संध्याकाळच्या गोळ्यांमुळे. शेवटी डॉ. हिरेमठ म्हणाल्या, "सुमनताई, मला आता वाट बघता येणार नाही. पुढच्या खेपेला हे असंच असेल तर पट्टी काढू आणि ऑपरेशनची तारीख ठरवू. उशीर केला तर पायाबरोबर माणूसही जाईल." त्यांचं खरं होतं. मी मान हलवली. घरी येऊन स्वयंपाक केला आणि जेवले नाही.

पुढची खेप यायच्या आधी डॉक्टरांना चिकोडीला एका शिबिराला जायचं होतं. मी त्यांना म्हटलं, परत येताना निपाणीला थांबू, मी नवी डबी बरोबर घेते, निदान तिच्या घरी संध्याकाळची नोंद डोळ्यांसमोर बघता येईल. त्या म्हणाल्या, चला. न कळवताच गेलो, कारण कळवलं असतं तर रेखानं पुरणपोळीचा घाट घातला असता.

दिवस कलला होता. हौसाक्का अंगणात बाजेवर बसलेली, डावा पाय लांब करून उशीवर ठेवलेला. शेजारी वाटी. घोट्यापासून बोटांच्या मुळापर्यंत पाय तांबडालाल. मला आधी ते रक्तच वाटलं. डॉक्टर मात्र जागीच थांबल्या, वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "अय्यो! अज्जी, हे काय? हळद-चुना?"

"व्हय," हौसाक्का म्हणाली. आमच्या येण्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. "रोज दिवे लागायच्या टायमाला लावते. सूज लई चढते तवा."

हळदीत चुना पडला की तिचं कुंकू होतं, हे मराठी-कन्नड कुठल्याही घरात सांगावं लागत नाही. मुरगळलं, सुजलं, की हळद-चुन्याचा गरम लेप, हेही सांगावं लागत नाही. डॉक्टरांच्या आईनं त्यांना तो लहानपणी शंभरदा लावलेला, माझ्या आईनं मला. आणि आम्ही दोघी महिनाभर तांबड्या डागांना रक्त समजून बसलो होतो. दवाखान्यात आलं की आपल्यालाही आपली आई आठवत नाही, दुसरं काय.

"अज्जी, मी सांगितलं होतं ना, जखमेवर काही लावायचं नाही?" डॉक्टरांचा आवाज चढला.

"न्हाईच लावलं!" हौसाक्काला ते लागलं. "घावाला बोट लावलं आसंल तर हात झडंल माझा. तुम्ही म्हणालासा घावावर काय लावू नको, न्हाय लावलं. ही सूज हाय. सुजंवर लावलं. घाव येगळा, सूज येगळी."

"मग दवाखान्यात येताना कधी दिसलं नाही ते?"

"आता, डॉक्टरकडं जाताना पाय धुऊन जाऊ नये व्हय? रेखा साबण लावून घासून धुती. असला भरलेला पाय घिऊन तुमच्या म्होरं बसू?"

रेखा दारात उभी होती, रडवेली झाली होती. तिनं काही लपवलं नव्हतं. सासूनं डॉक्टरचा शब्द पाळला होता, आपल्या समजुतीप्रमाणे अक्षरशः पाळला होता. लेप पायाच्या वरच्या बाजूला लावायचा, तो ओघळून कडेला यायचा, आणि पट्टीच्या सुटलेल्या कडेखालून चुन्याचं पाणी थेट जखमेत. दिवसभर यंत्रानं आंबट करायचं, संध्याकाळी चुन्यानं ते सगळं धुऊन टाकायचं.

डॉक्टरांनी पाणी मागवलं. लेप धुण्याआधी मी खाली वाकले, पट्टीची कड बघायला. आणि मला ते दिसलं.

सगळा पाय लाल होता. पण पट्टीच्या चारी बाजूंनी, जिथे तिची कड कातडीला टेकत होती तिथे, नखाच्या रुंदीची एक पिवळी रेघ होती. स्वच्छ हळदीची पिवळी. चुन्यानं लाल केलेली हळद आंबट लागलं की परत पिवळी होते. यंत्र चालू होतं. पडदा शाबूत होता. आतून एकेक प्रोटॉन बाहेर येत होता आणि त्या लालाला कडेनं पिवळं करत होता. एवढ्या वर्षांत मी आकडेच बघितले होते. प्रोटॉन चालताना मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होते, तेही निपाणीच्या अंगणात.

मी डॉक्टरांचा हात धरून दाखवलं. त्याही वाकून बघू लागल्या. मग मी रेखाला म्हटलं, एक लिंबू आण. वाटीतल्या लेपावर लिंबाचा थेंब टाकला. लालात पिवळा ठिपका उठला. वाटी हौसाक्कापुढे धरली आणि तिच्या पायाची कड दाखवली.

"हे बघ. तुझ्या पायावर आमचं यंत्र हेच करतंय."

"म्हंजे लिंबू पिळतंय व्हय ते?"

"तसंच समज. अगदी थोडं थोडं. लागेल तेवढंच, आणि मग थांबतंय. आणि तू रोज वर चुना ओततीस."

"मग थेट लिंबूच लावू की!"

"नको!" मी आणि डॉक्टर एकदमच ओरडलो, आणि मग त्या अंगणात सगळ्याच हसल्या, रेखासुद्धा. पाय धुतला, सुजेसाठी उशी उंच करायला सांगितली, लेप बंद. डॉक्टरांनी तारीख ठरवायचं पुढे ढकललं.

हौसाक्का मात्र वाटीतल्या पिवळ्या ठिपक्याकडेच बघत होती. म्हणाली, "सुमे, तुझ्या आईला ह्येच बघायचं हुतं गं. लेक काय तर बारीक सोडती, ते दिसत न्हाय म्हणायची. ह्ये ते?"

"हो. हेच ते."

"पिवळं असतंय व्हय." तिनं वाटी बाजूला सारली. मग माझ्या गालावरून हात फिरवला, त्याला चुन्याचा वास होता. "आसू दे. म्या गेले म्हंजे सांगते तिला. बघितलं म्हून सांगते."

मी तिथेच रडले. डॉक्टरांसमोर रडायची मला लाज वाटली नाही.

पुढे रेघ सरळ झाली. जखम हिवाळाभर हळूहळू भरत आली आणि शिमग्याच्या सुमाराला डॉक्टरांनी पट्टी काढली ती कायमची. हौसाक्का चालू लागली, जरा डावीकडे झुकून, पण दोन्ही पायांनी. हे यंत्रामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, रेखाचं पथ्यपाणी होतं, म्हातारीचा हट्ट होता. एका पायावरून काही सिद्ध होत नाही, असं सर नेहमी म्हणत आणि ते बरोबरच होतं. चाचणीचे निष्कर्ष 'आशादायक' निघाले. आशादायक हा शब्द आमच्या धंद्यात फार जपून वाचायचा असतो. प्रकल्पाची मुदत संपली, पुढची मिळाली नाही, नाईक सर दुसऱ्या गावी गेले. असलीच यंत्रं आता दूरदेशी आणखी बारीक, आणखी हुशार होताहेत असं वाचते आणि बरं वाटतं. आमच्या डब्या एका कपाटात आहेत. मी निवृत्त झाले त्या दिवशी शेवटचा पडदा काढून त्यावर 'हाऽह' केलं, चांगला होता. तो तसाच ठेवून आले.

यंदा उन्हाळ्यात हौसाक्का गेली. झोपेत, हृदयाच्या झटक्यानं. रेखाचा सकाळीच फोन आला आणि मी पहिल्या गाडीनं निपाणी गाठली. अंगणात तीच बाज उभी करून ठेवलेली होती. हौसाक्काला अंघोळ घातलेली, पाय रेखानं धुतलेले, साबण लावून, घासून. माणसं येत होती, वाकून पायांवर डोकं ठेवत होती आणि बाजूला होत होती. वखारीतल्या दोनतीन म्हाताऱ्या भिंतीला धरून उभ्या होत्या.

मी वाकले. सगळे चेहऱ्याकडे बघत होते, मी डाव्या पायाच्या कडेकडे बघितलं. तिथे कातडीचा एक फिकट चौकोन होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा, आजूबाजूच्या भेगाळलेल्या पायापेक्षा नवा आणि मऊ. त्याच्या पुढे करंगळीची रिकामी जागा. बाकी ती सगळी होती, दोन्ही पायांनिशी.

मी बौद्ध. गेलेलं माणूस पलीकडे कुणाला भेटतं, निरोप देतं, असलं काही मी मानत नाही, आईनंही मानलं नव्हतं. तरी त्या चौकोनावर मी हात ठेवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "हौसाक्का, आईला सांग गं. पिवळं असतं म्हणून सांग."